टाकीच्या भिंतीची काच

घरातले सगळे तिला धाकटी म्हणायचे. आता तिची साठी उलटली होती आणि तिला धाकटी म्हणायला घरात कोणी उरलं नव्हतं. एक काकी तेवढी होती, तीही दूर, लेकीकडे.

आजोबा बांधकामवाले. आसपासच्या निम्म्या भिंती त्यांनी उभ्या केलेल्या. पुढे वडिलांनी आणि काकांनी धंदा रेटला, मग तो बसला. आता धंद्याचं आवारही विकलं होतं आणि नव्या मालकाला ऑफिसची खोली रिकामी करून द्यायची होती. कपाटाच्या तळाशी तिला एक लाकडी पेटी सापडली. आत खाचांमध्ये पुस्तकांसारख्या उभ्या काचा. आजोबा बांधलेल्या प्रत्येक कामाचा फोटो स्वतः काढायचे, त्या काळच्या काचेच्या निगेटिव्हवर.

तिने जन्मभर कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी केली होती, त्यामुळे हातांनी आपोआप काच कडेला धरली. उजेडासमोर धरल्यावर काळंकुट्ट आभाळ दिसलं, पांढऱ्या खिडक्या दिसल्या. आणि प्रत्येक भिंतीशेजारी लाल रंगाचा एक उभा डाग.

तिने काकीला फोन लावला.

"काकी, आजोबांच्या काचांवर लाल रंग कसला गं?"

"अगं, मामंजी माणूस पुसायचे! भिंतीशी मोजपट्टी धरून एकाला उभं करायचे, उंची कळावी म्हणून. ती टिपून झाली की त्याच्यावर रंग. मग छापताना तिथं नुसतं पांढरं उमटतं. म्हणायचे, गिऱ्हाईक भिंतीचे पैसे देतं, थोबाडाचे नाही."

"रोज कोण उभं राहायचं?"

"होता एक पट्टीवाला. पाण्याच्या टाकीच्या वेळी मेला उगवलाच नाही, तेव्हा तुझ्या आईला उभं केलं. काय लाजली होती! आणि काय गं, जेवलीस का तू?"

धाकटी जेवली नव्हती. तिने "हो" म्हटलं आणि फोन ठेवून खुर्चीत बसली.

आई गेली तेव्हा धाकटी धड चालतही नव्हती. आईचा एकच फोटो होता, वडिलांच्या पाकिटात, आणि ते पाकीट बसमध्ये मारलं गेलं. वडिलांनी पैशांबद्दल चार दिवस आदळआपट केली, फोटोबद्दल चकार शब्द काढला नाही. तरुणपणी ती आरशासमोर उभी राहून चेहऱ्यातून वडिलांचं नाक वजा करायची, कपाळ वजा करायची, आणि उरेल ते आईचं असं धरायची. उत्तर कधी जुळलं नाही.

टाकीच्या भिंतीची काच शोधून तिने ती दोन टॉवेलांत गुंडाळली आणि फोटोवाल्याकडे नेली. जुन्या पद्धतीने कागदावर छापणारा तो एकटाच उरला होता.

"ताई, घाई नको," तो म्हणाला. "काचेच्या एका बाजूला चित्राचा पातळ थर असतो. रंग त्यावर असला तर पुसताना चित्रही जाईल. मग माझ्या नावाने बोटं मोडाल."

"आणि दुसऱ्या बाजूला असला तर?"

"तर काय, खिडकीच्या तावदानासारखा पुसायचा. पण कडा झिजल्यात. मला नुसतं बघून सांगता यायचं नाही."

तिने काच हातात घेतली, रंगाची बाजू तोंडाजवळ आणली आणि रंग नसलेल्या कोपऱ्यावर हळूच श्वास सोडला. चित्राचा थर ओलावा पिऊन घेतो. वाफ धरते ती नुसती काच. कोपरा क्षणभर धुरकट झाला आणि पुन्हा स्वच्छ झाला. खात्री व्हावी म्हणून तिने पुन्हा श्वास सोडला. पुन्हा वाफ धरली.

"पुसा," ती म्हणाली.

ओल्या कापसावर रंग विटेच्या भुकटीसारखा उतरत गेला. खाली एक माणूस होतं, केस पांढरे, चेहरा काळा. निगेटिव्हमध्ये काही कळेना. फोटोवाल्याने काळोख्या खोलीत नेऊन कागद छापला आणि औषधाच्या ट्रेमध्ये सोडला. तांबड्या दिव्याखाली आधी भिंत वर आली, वीट न् वीट सुटी. मग मोजपट्टी. मग पट्टी धरलेला हात, त्याच्या बोटांची पेरंसुद्धा. मग खांदा. त्याच्यावर चेहऱ्याच्या जागी एक फिकट फराटा.

"हलल्या," तो हळू आवाजात म्हणाला. "तेव्हा बराच वेळ स्तब्ध उभं राहावं लागायचं."

"मग आजोबांनी पुन्हा का नाही काढला?"

विचारता विचारताच तिला उत्तर कळलं. भिंत उत्तम आली होती. बाई रंगाखाली जाणारच होती.

फोटोवाला उगाचच ट्रे हलवत राहिला. मग म्हणाला, "काचेवर खाली कोपऱ्यात एक लाल ठिपका राहिलाय. शिंतोडा असेल. काढू?"

तिने मान डोलावली. दुसऱ्या कागदावर त्या जागी रेतीचा ढीग आला, आणि ढिगावर हात वर केलेलं एक तान्हं मूल. तेही हललेलंच. फराट्याचा रोख सरळ त्याच्याकडे होता.

"हे कोण?"

"मी," ती म्हणाली. "रडत असेन."

"म्हणजे सगळा घोळ तुम्हीच घातलात की!" तो हसून म्हणाला, आणि लगेच जीभ चावली. "माफ करा ताई."

"नाही, बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली.

घरी जाताना ती टाकीच्या रस्त्याने गेली. टाकी केव्हाच कोरडी पडली होती, पण आजोबांची भिंत ओळंब्यात उभी होती. तिने पिशवीतून छापलेला फोटो बाहेर काढला. चेहरा नाही मिळाला, निदान उंची तरी मिळेल. इतक्या वर्षांत रस्ता थरावर थर चढून वर आला होता, म्हणून खालून मोजण्यात अर्थ नव्हता. तिने वरच्या कंगोऱ्यापासून विटांचे थर खाली मोजत आणले. आईचं डोकं जिथे पोचत होतं त्या विटेवर तिने बोट ठेवलं.

बोट तिच्या खांद्याच्याही खाली आलं होतं.

तिने हिशोब पुन्हा केला. चूक नव्हती. रस्त्याने आईला तेवढं खाली ठेवलं होतं. तिच्या बरोबरीला यायचं तर गुडघे वाकवावे लागणार होते. भिंतीचा आधार घेऊन धाकटी वाकली, कुरकुरत्या सांध्यांनिशी, डोकं त्या विटेला लागेपर्यंत. मग रेतीचा ढीग होता त्या बाजूला तिने मान वळवली. तिथे कुणाच्या तरी दोन सायकली कुलूप लावून उभ्या होत्या.

"बाई, काही पडलं का तुमचं?" जाणाऱ्या एका माणसाने थांबून विचारलं. "शोधू का?"

"नको," ती म्हणाली. "हलू नका जरा."

तो गोंधळून होता तिथेच उभा राहिला. ती सायकलींकडे बघत होती.