लाल रेघ

डॉइल क्रॅबट्री उजाडतानाच कुरणात आला आणि बहीण यायच्या आत त्याने आपलं काम उरकलं. जुन्या दाराच्या फळीवर वाळूची पिशवी, पिशवीवर बंदूक. बंदुकीवरच्या दुर्बिणीच्या बाजूचं टोपण काढून त्याने नेम सरकवणारी आतली चकती डावीकडे पिळली, पार अडेपर्यंत. चकतीवरची नेलपॉलिशची लाल रेघही नखाने खरवडून टाकली आणि टोपण परत बसवलं. आता या बंदुकीतून बार सरळ गेला असता तर नवलच!

करणं भागच होतं. गेल्या एप्रिलमध्ये ही बंदूक त्याने मेव्हण्याकडून, एमसकडून, मागून नेली आणि रानात टर्की पक्षी समजून एमसलाच टिपलं. शेरीफला मात्र सांगितलं, "नेम टर्कीवरच होता. दुर्बीण हललेली, छर्रे दोन हात बाजूला गेले." म्हणजे चूक कुणाची? दुर्बीण ढिली ठेवणाऱ्याची. मेलेला माणूस थोडाच भांडायला येतो! शेरीफने बंदूक कपाटात टाकली ती परवा परत दिली, आणि आज बहिणीसमोर तिचा नेम तपासायचा होता. आणि व्हर्ला, डॉइलची बहीण, नवऱ्याच्या हलगर्जीपणावर अशी संतापली की वर्षभर त्याच्या थडग्याकडे फिरकली नाही.

ती कॉफीचा थर्मास घेऊन आली. "झालं का रे? उद्यापासून टर्कीच्या शिकारीचा हंगाम. यंदा मीच जाईन म्हणते."

"तू? टर्की ओळखता येते का तुला?"

"तुझ्यापेक्षा बरी येईल."

डॉइल कसनुसा हसला. चाळीस पावलांवर टर्कीच्या डोक्यामानेचं चित्र असलेला कागद लावला होता. त्याने बरोबर मानेवर नेम धरला आणि चाप ओढला. बार झाला. एरवी एवढ्या आवाजाला रानातला एखादा नर टर्की हटकून ओरडतो. आज रान गप्प होतं.

व्हर्ला कागद घेऊन आली. मानेची चाळण झाली होती. बाहेर चार-दोन छर्रे, बस्स.

"ही तर सरळ मारतेय," ती म्हणाली.

"योगायोग गं. थांब जरा." डॉइलने तिच्याकडे पाठ करून टोपण उघडलं, चकती उलटी, उजवीकडे अडेपर्यंत पिळली आणि टोपण लावलं. व्हर्लाने नवा कागद लावला. दुसरा बार. पुन्हा मान.

तेवढ्यात कागदामागच्या झुडपांतून टर्कीच्या मादीचा आवाज आला. तीन लांब हाका, चौथी अर्ध्यात तुटलेली. नराला भुलवायला एमस जिच्यातून मादीची हाक काढायचा, त्या लाकडी डबीला चीर होती, तिची चौथी हाक नेहमी अशीच तुटायची. ती डबी तर त्याच्याबरोबर पुरली होती!

"ऐकलंस?" डॉइलने विचारलं.

व्हर्लाने ऐकलं होतं. तिचा चेहरा पांढरा पडला, पण ती पळाली नाही. तिने बंदूक ओढून घेतली आणि टोपण काढलं. चकतीवर नेलपॉलिशची रेघ होती. अखंड, आतल्या खुणेला बरोबर जुळलेली.

"हे माझं नेलपॉलिश," ती हळूच म्हणाली. "एमस दर वसंतात मागून न्यायचा. चकती हलली तर कळावं म्हणून. हललीच नव्हती की रे!"

डॉइल मागे सरला. "लाल काहीतरी हललं, व्हर्ला. मला वाटलं, नराचं लाल डोकं. तो एमसचा रुमाल होता. मी नीट बघितलंच नाही. मला घाई झाली होती गं."

"आणि मी वर्षभर त्याला शिव्या देत बसले." तिचा आवाज चिरकला. "मेलेल्या माणसाला! तुझ्यापायी!"

झुडपांतून पुन्हा हाका आल्या. एक, दोन, तीन, तुटकी चौथी. या वेळी आणखी जवळून.

व्हर्लाने काडतुसं काढून खिशात टाकली, रिकामी बंदूक पिशवीवर टेकवली आणि भावाची मानगूट धरून त्याला दुर्बिणीशी वाकवलं.

"तेव्हा बघितलं नाहीस ना? आता बघ."

"नको, व्हर्ला."

"बघ म्हणते ना!"

डॉइलने डोळा लावला. कागद वाऱ्याने उचलला गेला होता. त्याच्यामागे लाल रुमाल बांधलेला एमस बसला होता आणि सरळ त्याच्याकडे बघत होता.