दोन चौकोनांची भानगड

छापखान्यात काकूंना सगळेच काकू म्हणत. मालक त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, तरी तेसुद्धा. काकू मजकूर जुळवायच्या. आधी शिशाच्या खिळ्यांनी, मग कॉम्प्युटरवर. आता हाताखालचा कॉम्प्युटरच म्हातारा झाला होता, पण काकूंना आपल्याला कुणी म्हातारं म्हटलेलं चालायचं नाही, मग मशीनला म्हटलेलं कसं चालेल?

त्या सकाळी त्यांनी बटण दाबलं. पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरसर वर गेल्या आणि पडदा काळा. कोपऱ्यात एक रेघ तेवढी लुकलुकत बसली. चित्र नाही, फायली नाहीत, सगळा ठणठणगोपाळ.

“गेलं?” मागून जावईबापूंचा आवाज आला. हे मालकांचे जावई, तीन महिन्यांपूर्वी मॅनेजर होऊन आलेले, आणि आल्या दिवसापासून त्या मशीनवर डूख धरून बसलेले.

“कुठे जातंय? तोंड फिरवून बसलंय.”

“काकू, भंगारवाल्याला मी बाराची वेळ दिलीय. नवीन मशीन येतंय, त्यावर बसायला माणूसही बघितलाय. तुम्ही आता खाली बाइंडिंगला बसा निवांत. पानं लावायची, दोरा ओवायचा.”

काकूंनी खुर्ची मशीनच्या आणखी जवळ ओढली.

“अहो, चालू झालं तर राहू दे की,” मालक दारातून चाचरत म्हणाले. जावयापुढे त्यांचा आवाज नेहमीच अर्धा व्हायचा.

“बाराच्या आत झालं तर राहील, बाबा. नाहीतर मशीन भंगारात आणि काकू खाली.”

“लागली पैज,” काकू म्हणाल्या. “आता जरा उजेड सोडा. उभे राहिलात की भिंत बांधल्यासारखं वाटतं.”

आधी त्यांनी तारा काढून फुंकर मारून परत बसवल्या. मग पुढच्या काउंटरवरचा मॉनिटर उचलून आणला, कारकून “अहो काकू, अहो काकू” करत मागे धावला तरी. जोडला. त्यावरही तेच, आधी पांढऱ्या ओळी, मग काळोख. म्हणजे मॉनिटर धडधाकट. अक्षरं दिसतायत म्हणजे आतलं, पडद्यावर चित्र पाठवणारं कार्डही जिवंत. मशीन उठतंय, फक्त चित्राचा भाग मध्येच अंग टाकतोय.

“डॉक्टरीण झाल्यात!” जावईबापू खिदळले.

“पेशंट बरा झाला की फी तुमच्याकडूनच घेणार आहे.”

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-टू. तीन बोटं एकदम. काळ्या पडद्यावर नाव विचारलं, काकूंनी नाव दिलं, पासवर्ड दिला. चित्र नसलं तरी मशीनशी अक्षरांनी बोलता येतं, हे जावईबापूंना ठाऊकच नव्हतं. ते आपोआप एक पाऊल पुढे आले.

कुठे अडलं याची मशीन स्वतःच नोंद ठेवतं. ती फाईल काकूंनी उघडली आणि शेवटाकडून वाचत वर गेल्या. शेवटी लिहिलेलं, स्क्रीन सापडली नाही. “समोर दोन-दोन मांडल्यात, आंधळ्या!” त्या पुटपुटल्या. थोडं वर खरं दुखणं होतं. चित्राच्या सेटिंगची फाईल, नववी ओळ, रंगांची खोली, म्हणजे पडद्यावर किती छटा दाखवायच्या ते, त्यापुढे आकडा हवा.

नववी ओळ काढली. रंगांची खोली, आणि पुढे दोन रिकामे चौकोन.

काकूंनी चष्मा पुसला. चौकोन हलले नाहीत. आकड्याच्या जागी चौकोन कुठून आले? काल संध्याकाळी फोटोत पट्टे दिसत होते म्हणून रंग वाढवायला त्यांनीच ही ओळ बदलली होती. चोवीस घातले होते. नक्की घातले होते. कसे घातले होते? त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं आणि एकदम खो खो हसत सुटल्या.

बोटांना सवय मराठीची! कीबोर्ड मराठीवर होता, आणि त्यांनी ठोकले होते ‘२४’. मशीनला तो आकडाच वाटला नाही, आणि या काळ्या पडद्याला तर देवनागरी काढताच येत नव्हती, म्हणून त्याने दोन चौकोन काढून वेळ मारून नेली.

“इतकी वर्षं मराठी खाऊ घालतेय तुला,” काकू मशीनला म्हणाल्या, “आणि चोवीस ओळखत नाहीस?”

चौकोन खोडले. इंग्रजी दोन, इंग्रजी चार. चित्र सुरू करायचा हुकूम दिला. पडदा एकदा थरथरला आणि सगळं जागच्या जागी उभं राहिलं. पावणेबारा.

“काय झालं होतं?” मालकांनी विचारलं.

तार सैल होती म्हटलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. “माझी चूक,” काकू म्हणाल्या. “मराठी आकडा घातला मीच.”

“बघा!” जावईबापू उसळले. “ऐकलंत ना, बाबा? यांच्याच चुकीनं...”

“पैज मशीन चालू करायची होती. चूक कुणाची हे पैजेत नव्हतं. आणि उद्या तुमच्या नव्या माणसानं चूक केली तर शोधणार कोण? तुम्ही? पडदा काळा दिसला की तुम्ही खांदा द्यायला धावता!”

कारकून फिसकन हसला. मालकांनी खाकरून घसा साफ केला आणि बऱ्याच दिवसांनी पूर्ण आवाजात सांगितलं, “भंगारवाल्याला फोन करा. येऊ नका म्हणावं.”

काकूंनी नवीन पान उघडलं, अक्षर सगळ्यात मोठं घेतलं आणि टाईप केलं: काकूंना विचारल्याशिवाय या मशीनला हात लावू नये.

“हे कुणाच्या परवानगीनं?” जावईबापूंनी विचारलं.

“माझ्या,” म्हणत काकूंनी प्रिंट दाबलं.