दगडाला आलेली फुलं

चपलांची रांग जिन्यापर्यंत गेली होती. बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही, सोफ्याच्या हातांवर माणसं, खिडकीच्या कट्ट्यावर माणसं, आणि सगळ्यांच्या माना काचेच्या टाकीकडे. टाकीत एकही मासा नव्हता, नुसते दगड. पण त्या दगडांना फुलं आली होती! तपकिरी, नाजूक, आपल्या पाकळ्या आपणच हलवणारी. टाकीशेजारी खुर्ची टाकून लहरीबाबा बसले होते आणि डोळे मिटून सांगत होते, "दगडात जीव घातला मी. तुमच्या गुडघ्यात घालायला कितीसा वेळ लागणार?"

यावर कुणी हसलं नाही, हे विशेष. घरातली सून मात्र स्वयंपाकघराच्या दारात दातओठ खात उभी होती. टाकी तिची होती हो.

दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायचे आणि घरी आलं की टाकीपाशी बसायचं, असा तिचा दिनक्रम. समुद्रातलं प्रवाळ घरात वाढवायचा हा छंद म्हणजे निम्मी वाटच बघायची. शुद्ध पाण्यात समुद्री मीठ कालवायचं, खारेपणा मोजायचा, पंप सोडायचा, मग समुद्रातून आलेले दगड रचायचे. या दगडांच्या भेगांत डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, पुढे माशांची घाण तेच पचवतात. त्यांचा जम बसेपर्यंत मासा सोडायचा नाही, आणि शेवाळ माजू नये म्हणून दिवाही लावायचा नाही. त्यामुळे आठवडेच्या आठवडे घरात काळोखी टाकी आणि आत दगड. नवरा पाहुण्यांना सांगायचा, लोक कुत्रं पाळतात, आम्ही दगड पाळलेत. भुंकत नाहीत एवढंच सुख.

अशात शेजारच्या काकूंनी सासूबाईंची तब्येत दाखवायला लहरीबाबांना घरी आणलं. बाबांनी आधी टाकी बघितली, काचेला नाक लावून, चांगला बराच वेळ. मग म्हणाले, दिवा लावा, यात जीव निजलाय, मी जागा करतो. हात फिरवला, काहीबाही पुटपुटले आणि गेले. काही दिवसांत पहिलं फूल दिसलं, मग दुसरं, आणि मग काही विचारूच नका.

सुनेने घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. हे फूल नाही, समुद्रफूल नावाचा प्राणी आहे. दगडाबरोबर चिमुकला होऊन येतो आणि उजेड मिळाला की फोफावतो. छंदवाले याला तण म्हणतात, याच्यापायी त्यांची झोप उडते. पण ऐकतो कोण? काकू म्हणाल्या, चार बुकं शिकलं की डोळ्यांवर झापड येते. चष्मेवाल्या बाईला हे ऐकून घ्यावं लागलं.

इथवर गंमतच होती. पण मग बाबा टाकीतलं पाणी 'जीवजल' म्हणून वाटायला लागले, आणि सासूबाईंनी रक्तदाबाची गोळी बंद केली. ज्या बाईला डॉक्टरांनी वरून चिमूटभर मीठ घ्यायला बंदी केलेली, ती सकाळ-संध्याकाळ पेलाभर खारं पाणी प्यायला लागली. पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं. बाबा म्हणाले, आजार बाहेर पडतोय. सून घाबरली. सासूबाईंवर तिचा जीव होता. टाकीला जागा हवी म्हणून त्यांनीच आपलं कपाट खोलीबाहेर काढलं होतं. ती विनवण्या करून थकली, एकदा तर रडलीसुद्धा. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुझ्याच टाकीचा गुण येतोय आणि तूच नको म्हणतेस?"

म्हणून आज तिने डोळे पुसले आणि न्हाणीघरातून एक झाकणाची बादली उचलून आणून सगळ्यांच्या मधोमध ठेवली.

"टाकी रचताना काही दगड उरले होते," ती म्हणाली. "एकाच खोक्यातले. तेव्हापासून या बादलीत खाऱ्या पाण्यात ठेवलेत, छोटा पंप लावलाय, उजेड झाकणाच्या फटीतून जाईल तेवढाच. बाबांनी ही बादली पाहिलेली नाही, हिच्यावर हात फिरवलेला नाही. आता बघा."

तिने झाकण काढलं. आत तीच फुलं, थोडी फिकट आणि बारकी, पण डोलत होती मजेत.

खोलीत कुजबुज सुरू झाली. पण बाबा कसले बधतायत! कृपेला भिंती नसतात, म्हणाले, ती घरभर पसरली. काकूंनी लगेच हात जोडले, सासूबाईंनीही जोडले, आणि सुनेचा धीरच सुटला. कृपा आहे ना, मग प्रत्येकाला एकेक तुकडा वाटून टाकते, असं म्हणत तिने आतून सुरी आणली, बादलीतला दगड वर काढला आणि फुलाच्या बुडाशी पातं लावलं.

"अहो, सुरी नको!" बाबा खुर्चीतून ताडकन उठले. "कण राहिला तरी त्याचं नवं होतं, टाकी भरून जाईल! सुईने लिंबाचा रस टोचा, जागच्या जागी मरतं."

सासूबाईंनी हातातला पेला खाली ठेवला.

"जीव तुम्हीच घातलात ना, बाबा?" त्या शांतपणे म्हणाल्या. "मग मारायची युक्ती इतकी पाठ कशी?"

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते खोटं नाही. बाबांनी उमेदीची वर्षं एका माशांच्या दुकानात टाक्या घासण्यात घालवली होती. हेच तण उपटता उपटता ज्याचा जन्म गेला, त्याला त्यावर सुरी चाललेली बघवेना. पहिल्या दिवशी काचेला नाक लावलं तेव्हाच त्यांना दगडावरचे बारीक कोंब दिसले होते. उजेड मिळाला की ते वाढणार, हे ठाऊक होतं. हळू आवाजात एवढं कबूल करून ते चपला शोधायला लागले. एवढ्या चपलांत स्वतःच्या लवकर सापडेनात, म्हणून जरा फजिती लांबली इतकंच.

सासूबाईंनी जीवजल मोरीत ओतलं. "गोळी आण गं," त्या सुनेला म्हणाल्या. "आणि पाणी साधं आण. मग डॉक्टरांकडे जाऊ, पाय दाखवायला." सुनेने गोळी हातावर ठेवली, ती गिळेपर्यंत बघत राहिली, आणि मग तिला जे रडू आलं ते काही केल्या थांबेना.

तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी घरात एखादी झाकलेली बादली आहे का, ते बघा. बाबा आला नसता तर काय झालं असतं, एवढा एकच प्रश्न विचारा. जेवढं तसंही झालंच असतं, त्याचं श्रेय बाबाला देऊ नका. आणि कुणी औषध सोडा म्हणालं तर त्यालाच सोडा.

डॉक्टरांकडून आल्यावर सासूबाईंनी चष्मा लावला आणि टाकीजवळ खुर्ची ओढली. म्हणाल्या, "लिंबू कापलंय. सुई कुठाय?"