शेवटच्या पानाचा जोडीदार

मी एक जुनी वही आहे, आणि मला राग आला आहे. वहीनं रागावू नये म्हणे. जे लिहाल ते मुकाट्यानं घ्यावं आणि मिटून पडावं. बारा वर्षं मी तेच केलं. आता मात्र, मित्रांनो, तुम्हाला ऐकावं लागेल.

माझी बांधणी जुजबंदीची. आठ मोठे कागद एकात एक ठेवून दुमडले की एक जुज होतं. अशी सगळी जुजं दोऱ्यानं शिवून माझी पाठ तयार झाली. वर जाड पुठ्ठा, पाठीला निळं कापड. न्खाता बे या आमच्या बंदराच्या बाजारात मी दुकानात होते तेव्हा शेजारी आणखी तिघी होत्या. पिना मारलेली शाळेची वही स्वस्त आणि हलकी. पण सरोवराकाठच्या दमट हवेत पिना गंजतात आणि मधली पानं सुटतात. डिंकानं चिकटवलेली दिसायला देखणी. उन्हात डिंक तडकला की तिची पानं झडू लागतात. आणि तारेच्या वेटोळ्याची! तिचा तोरा काय सांगू! "मला पुरतं मागं उलटवा, उभ्यानं एका हातात धरा, पान फाडा, माझं काही बिघडत नाही," म्हणायची. खोटं नव्हतं ते. माझं मात्र बिघडतं. माझं एकही पान एकटं नसतं. एकाच कागदाचा एक अर्धा भाग जुजाच्या पुढं असतो, दुसरा मागं. हे दुकानदारानं कधी कुणाला सांगितलं नाही.

मला विकत घेतलं न्यालोंग्वेनं. किनाऱ्यावरच्या चर्चमधलं गायकमंडळ तिचं. गाणी ती स्वतः रचायची आणि डो-रे-मीच्या अक्षरांत, चार आवाजांच्या चार ओळी एकाखाली एक अशा माझ्यात उतरवायची. पेन इतकं दाबून चालवायची की खालच्या पानावर वळ उठत.

"न्यालोंग्वे, लिहितेस का कसाव्याचे कंद कुटतेस गं?" बायका हसायच्या.

"दाबून लिहिलेलं टिकतं," ती म्हणायची. "तुमच्या आवाजासारखं पोकळ नसतं ते."

अकरा वर्षं आमचा संसार असा चालला. लोक यायचे, गाणी उतरवून न्यायचे, आणि कौतुकानं माझ्या पुठ्ठ्यावर थाप मारायचे. मग न्यालोंग्वे आजारी पडली. अंथरुणावर बसून तिनं शेवटचं गाणं लिहिलं. ते माझ्या शेवटच्या जुजाच्या पहिल्या पानावर मावलं. मंडळाला शिकवायला ती उठलीच नाही. म्हणजे ते गाणं जगात फक्त माझ्यापाशी होतं.

वर्षानं तिच्या कबरीवर दगड बसवायचा ठरला. आमच्याकडे दगडावर कापड टाकून ठेवतात आणि सगळं गणगोत जमलं की ते काढतात. त्या दिवशी मंडळानं तिचंच शेवटचं गाणं गायचं, असं तिच्या लेकीनं, तेम्वानं ठरवलं. आईचं हे गाणं तिनंही ऐकलेलं नव्हतं.

आता माझ्या रागाचं कारण सांगते. त्याचं नाव विलार्ड म्फांडे. मंडळाचा चिटणीस, तेव्हा मी त्याच्या ताब्यात. दगडावर काय कोरायचं ते गवंड्याला लिहून पाठवायचं होतं. विलार्डनं मला उघडलं, शेवटचं कोरं पान धरलं आणि चर्रकन मुळापासून ओढलं.

"अहो म्फांडेकाका, वही फाडता?" तेम्वानं विचारलं.

"कोरं पान आहे गं पोरी. वहीच्या काय पोटात दुखणार आहे?"

दुखलं, विलार्ड! त्या कोऱ्या पानाच्या कागदाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे न्यालोंग्वेच्या गाण्याचं पान. त्याला आता काहीच धरून नव्हतं. आणि हा माणूस कोण? जन्मभर मासेमारीची जाळी विणणारा! एक धागा तुटला की पलीकडची गाठ सुटते हे पोराबाळांना शिकवणारा! मला ओरडता आलं असतं तर सगळा किनारा गोळा केला असता.

तालमीला जाताना त्यानं मला सायकलच्या मागं अडकवलं. सरोवरावरून दक्षिणेचा वारा सुटला होता. उतारावर ते गाण्याचं पान हळूच सरकलं आणि गेलं. मला कळलं, त्याला नाही.

तालमीत तेम्वानं मला उघडलं. एकदा चाळलं, पुन्हा चाळलं. मग खाली बसली.

"आईचं गाणं नाही यात."

"नाही कसं? मी फक्त कोरं पान..." विलार्डनं माझी पाठ उघडी करून पाहिली. लोंबणारा दोरा बोटावर घेतला. जाळेवाल्याला आणखी सांगायची गरज नव्हती. "माझ्या हातानं झालं," एवढंच बोलला.

दोन दिवस सगळं गाव शोधत होतं. कसावा वाळत घातलेल्या चटया उचलल्या, होड्या उलट्या केल्या, सुकत्या उसिपा माशांखालीसुद्धा पाहिलं. पान काही मिळालं नाही.

तिसऱ्या दिवशी तेम्वा माझ्यावर हात फिरवत बसली होती. गेलेल्या पानाच्या पुढच्या कोऱ्या पानावर तिची बोटं अडखळली. वळ! ती धावत चुलीपाशी गेली, कोळसा कुटला आणि ती पूड बोटानं हलकेच पानावर फिरवली. काळ्या पानावर पांढरी अक्षरं उमटू लागली. गाण्याची पहिली ओळ चारही आवाजांत, मग दुसरी, तिसरी. विलार्ड शेजारी वाकून पाहत होता. गाण्याच्या शेवटच्या ओळीवर मात्र नुसता काळा रंग पसरला. तेव्हा न्यालोंग्वेच्या हातात जोर उरला नव्हता. तिथं तिनं दाबून लिहिलंच नव्हतं.

"शेवट आपण जुळवू," कुणीतरी म्हणालं.

"आईच्या गाण्यात दुसऱ्याचा शेवट?" तेम्वा म्हणाली. "जेवढं आहे तेवढंच गाऊ."

दगडाच्या दिवशी चारही आवाजांत गाणं उठलं. बायका डोळे पुसत होत्या. शेवटच्या ओळीच्या तोंडाशी तेम्वानं हात वर केला आणि सगळे थांबले. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "का गं थांबलात? पुढं काय आहे?"

मग कापड काढलं. चिटणीस म्हणून दगडावरचं वाचायचं काम विलार्डचं. ते शब्द त्यानंच माझ्या फाडलेल्या पानावर लिहून पाठवले होते.

"लोन्तिया न्यालोंग्वे," त्यानं वाचलं. "शेवटपर्यंत गायली." पण 'शेवटपर्यंत' म्हणताना त्याला दोनदा थांबावं लागलं.

नंतर त्यानं जाळ्याच्या दोऱ्यानं माझी पाठ पुन्हा शिवली. शिवण पक्की आहे, तेवढं मान्य करते. चिठ्ठ्याचपाट्यांसाठी तेम्वानं त्याला तारेची वही आणून दिली. "काका, फाडायचं तर हिला फाडा." तो मान खाली घालून "बरं बाई" म्हणाला. तरी माझा राग गेलेला नाही.

मित्रांनो, तारेची घ्या, पिनांची घ्या, डिंकाची घ्या. ज्या कामाला जी लागेल ती घ्या. पण शिवलेल्या वहीचं कोरं पान ओढण्याआधी त्याचा जोडीदार शोधा आणि त्यावर कुणी काय लिहिलंय ते वाचा. माझ्यात अजून तेरा कोरी पानं आहेत. त्यांच्याआधी एक काळं पान आहे, आणि त्याच्या तळाशी एका ओळीची जागा तेम्वानं तशीच ठेवली आहे.