मलिद्याचं ताट

शहाण्णव साली दिना झिराडकरबाईंनी सहा आठवड्यांची बिनपगारी रजा टाकली. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात तेवीस वर्षं सुटे भाग तपासणारी ही बाई चौपन्नाव्या वर्षी हिब्रू शिकणार, म्हणून सुपरवायझर हसला. हसेना का! नवरा गेल्यापासून बंगळुरातल्या ओळखीच्या चार बेने इस्राएली, म्हणजे कोकणातून आलेल्या यहुदी, घरांत प्रार्थना म्हणायला त्याच उभ्या राहत. अलिबागेत लहानपणी वडिलांनी सगळं हिब्रूतून घोकून घेतलं होतं. पण आपण देवाशी नेमकं काय बोलतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते कळल्याशिवाय मरायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

वर्ग इंदिरानगरातल्या एका भाड्याच्या बंगल्यात होता. यहुदी धर्म आणि हिब्रू, रोज नऊ ते पाच. चांगल्या कामाआधी एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा करायचा, ही बेने इस्राएलांची रीत. बाईंनी पहाटे उठून पोहे भिजवले, खोबरं, साखर, वेलदोडे घालून ताटात रास केली, भोवती खजूर नि केळी मांडली, वर गुलाबाचं फूल ठेवलं. ताट फडक्यात बांधून, मॅजेस्टिकला बस बदलून, कुणाचा धक्का लागू न देता त्या पोचल्या.

शिक्षक दारातच भेटला. योनातान, परदेशातून आलेला, पंचविशीचा, दाढी अजून धड न भरलेला.

"हे काय?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"मलिदा. आज सुरुवात ना."

त्यानं फुलाकडे पाहिलं, केळ्यांकडे पाहिलं. "पूजेचा नैवेद्य आत नको. इथे यहुदी गोष्टीच शिकवतो आम्ही. ताट बाहेर ठेवून या. ते जमत नसेल, तर हा वर्ग तुमच्यासाठी नाही."

एवढं बोलून तो आत वळला. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोकणात शनिवारी घाण्याला बैल न जुंपणारी त्यांची माणसं! गावं त्यांना शनवार तेली म्हणायची. जवळ ना गुरू ना ग्रंथ, तरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी शनिवारचा पवित्र विसावा सोडला नाही. आणि परवा विमानातून उतरलेला हा पोरगा त्यांना यहुदी म्हणजे काय ते सांगणार!

बंगल्याची झाडलोट करणारी गंगव्वा केरसुणी टाकून आली. "अक्का, द्या हिकडं ताट, मी बघते. तुम्ही आत जावा. स्वल्प शांत व्हा."

"का म्हणून? ही रीत आईबापांची. त्यांना दाराबाहेर बसवून आत जाऊ?"

बाई पायरीवरच बसल्या. फडकं सोडलं, खजूर उचलला आणि झाडाच्या फळाआधी म्हणायची प्रार्थना खणखणीत आवाजात म्हटली.

आतून आवाज आला, "आमेन."

योनातानचाच. अशी प्रार्थना कानावर पडली की ऐकणाऱ्यानं आमेन म्हणायलाच हवं, हे त्याला लहानपणीच शिकवलेलं असणार. बाईंनाही तसंच शिकवलं होतं. त्यांनी केळं उचललं. त्याची प्रार्थना वेगळी. पुन्हा आमेन, जरा हळू. मग गुलाबाच्या वासाची, मग पोह्यांची. चौथ्या आमेनला योनातान दारात उभा होता, आणि मागे सगळा वर्ग.

"तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"नैवेद्य आहे ना हा? मग आमेन कशाला म्हणालास?"

त्याचे कान लाल झाले. "माफ करा, बाई. माझं चुकलं."

"माफीचं नंतर बघू."

बाई ताट घेऊन तरातरा आत गेल्या, ते सरळ त्याच्या टेबलावर ठेवलं आणि पहिल्या खुर्चीत बसल्या. "आत्ता मी खजुराला काय म्हटलं, ते सांग. शब्द न् शब्द."

त्यानं सांगितलं. देवा, झाडाला फळ देणारा तू, तुझी स्तुती असो. बस, एवढंच.

बाईंनी पदर तोंडाला लावला. रडू आलं ते रागानंच. एवढं साधं होतं, आणि चौपन्न वर्षांत त्यांना ते एकानंही सांगितलं नव्हतं.