'नको' ऐकणारे हात

मित्रांनो, मी एक जुना यंत्रमानव आहे. मानव म्हणायचे ते आपले कौतुकाने. मला तोंड नाही, पाय नाहीत. दोन लांब, गादी लावलेले हात आणि खाली चाके. रुग्णांना खाटेवरून उचलून खुर्चीत बसवणे हे माझे काम.

मला घडवणाऱ्या बाई भारी हट्टी. त्यांनी माझ्यात सगळ्यात आधी एक नियम घातला. उचललेला माणूस 'नको' म्हणाला की जागच्या जागी थांबायचे, मग हुकूम कोणाचाही असो. चाचणीसाठी त्या स्वतःच माझ्या हातांवर आडव्या होत आणि मध्येच ओरडत, "नको!"

इस्पितळात आधी माझे कोण कौतुक झाले! सिस्टरांच्या कंबरा वाचल्या. पण आपल्याकडची माणसे पहिल्यांदा 'नको'च म्हणतात, अगदी चहालासुद्धा. "नको रे बाबा, तुला कशाला त्रास," असे आजीबाई म्हणत आणि मी आपला थांबे. मग त्यांची समजूत घालण्यात सकाळ जाई. व्यवस्थापक वैतागले. तो नियमच काढून टाकायला त्यांनी तंत्रज्ञाला बोलावले.

"बघा आता, कसा अडतो ते," ते तंत्रज्ञाला म्हणाले. मी तेव्हा एका रुग्णाला उचलत होतो; सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत. त्यांचे नुकतेच पोटाचे ऑपरेशन झाले होते. जरासे उचलताच ते कळवळले, "नको, नको!"

मी थांबलो.

"अहो काका, रोजचंच आहे तुमचं!" व्यवस्थापक म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "चल रे, उचल."

मी हललो नाही. त्यांनी बटण दाबून पाहिले, मला ठोंब्या म्हणून पाहिले. मी ढिम्म. शेवटी सिस्टरने चादर बाजूला केली. काकांच्या पोटाला लावलेली नळी खाटेच्या कठड्यात अडकून ताणली गेली होती. अजून वीतभर उचलले असते तर ती उपटूनच आली असती.

व्यवस्थापकांचा चेहरा खर्रकन उतरला. "राहू द्या तो नियम," ते हळूच म्हणाले. मला फार बरे वाटले.

आता माझे सांधे कुरकुरतात. माझ्या जागी नवे यंत्र येणार आहे, चपळ आणि देखणे. येऊ दे बापडे. मला खुशाल अडगळीत टाका. पण परवा ते दाखवायला आणले, तेव्हा सगळ्यांनी त्याचा वेग विचारला, ताकद विचारली. 'नको' म्हटल्यावर ते थांबते का, हे कोणीच विचारले नाही.

मित्रांनो, तुम्ही विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत आपल्या आजीला त्याच्या हातांवर ठेवू नका.