ओंडक्याला मार हवा आहे

मित्रांनो, मी एक जुना ओंडका आहे. टोंगामधल्या एका बेटावर, समुद्राजवळच्या पडवीत पडलेला असतो. बायका माझ्या पाठीवर झाडाची साल ठेवून लाकडी मोगऱ्यांनी ठोकतात. चार बोटे रुंदीची साल हातभर पसरते आणि तिचे कापड होते. बाळ जन्मले, लग्न ठरले, माणूस गेले, तरी हेच कापड लागते. झाड छाटले की पुन्हा फुटते, आणि कापड जुने झाले की मातीत मिसळते. मार खाण्यातच माझा जन्म गेला, त्याची तक्रार नाही. मला धास्ती आहे ती शांततेची.

आमच्याकडे कोणी गेले की सुतक फिटेपर्यंत मोगरी वाजत नाही. म्हणून लुपेआजीने अंथरूण धरले तेव्हा तिची सून ओफा घायकुतीला आली. आजीला गुंडाळायचे कापड आजी असतानाच पुरे व्हायला हवे होते. पूर्वी माझ्याभोवती बसायला जागा मिळत नसे. आता ओफा आणि शेजारीण मालिआ, दोघीच.

"दुकानातलं आण ना," मालिआ म्हणाली. "दिसायला तस्संच, आणि फाटतही नाही."

"आईंना कळेल गं."

"गेल्यावर?"

"अगं भवाने, मी अजून ऐकतेय!" आतून आजी ओरडली. "ओफा, मनगट ढिलं पडलंय तुझं. साल आहे ती, नवरा नव्हे. हाण जोरात!"

दोघी हसल्या, आणि हसता हसता ओफाचे डोळे भरून आले.

दुपार कलली आणि आत रडणे उठले. ओफाने उगारलेली मोगरी हळूच खाली ठेवली. कापड पायांपाशी हातभर कमी पडले. तेवढा तुकडा दुकानातला जोडला.

काही वर्षांनी वादळात समुद्राने दफनभूमीची कड खाल्ली आणि आजीची कबर उघडी पडली. सालीच्या कापडाची चिंधीही दिसली नाही, मातीने ते केव्हाच पोटात घेतले होते. दुकानातला तुकडा मात्र वाळूत फडफडत होता, रंगही न उडालेला. ओफा तो घेऊन माझ्याजवळ येऊन बसली.

"आई, पाय उघडेच राहिले हो तुमचे," एवढेच म्हणाली.

आता ओफाचेही केस पिकले आहेत. मालिआ लेकाकडे परदेशी गेली. ओफा एकटीच ठोकते, आणि तिचे कापड कोण पुरे करणार, या विचाराने मी आतून पोखरला जातो आहे.

मित्रांनो, सालीची झाडे लावा. मोगऱ्या आढ्याला टांगलेल्या आहेत, त्या काढा आणि मला मारा. ओफाला ऐकू येते आहे तोवर मारा.